आठ दिवसांच्या बोलीवर

भोरच्या बाजारपेठेत माझं शिवणकामाचं दुकान होतं तेव्हाची, म्हणजे साधारण अडुसष्ट-एकोणसत्तर सालची ही हकिगत. दुकान कसलं, दोन मशिनं, एक बाकडं आणि पारा उडालेला आरसा. बाजाराच्या दिवशी त्या बाकड्यावर गिऱ्हाइकाला जागा म्हणून मिळायची नाही, कारण किकवीचे केरबा तात्या सकाळच्या एसटीनं यायचे आणि तिथं ठाण मांडायचे. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. तो पाय समोर लांब सोडलेला असायचा आणि येणाराजाणारा त्याला अडखळायचा. वर तात्याच त्याला विचारायचे, "डोळं घरी ठिवून आलास व्हय रं?"

तात्या उंच, शिडशिडीत. मिशा पांढऱ्या, पण टोकं तेल लावून वर वळवलेली. स्वतःसाठी वर्षाला एक बंडी शिवून घ्यायचे, तीही मी मागे लागलो तर. त्यांच्या पाखऱ्या बैलाला मात्र दर वर्षी नवी झूल, तीही भिंगांची आणि गोंड्यांची. माप घ्यायला मला किकवीला जावं लागे आणि त्या दिवशी पाखऱ्याचा मूड कसा आहे हे आधी विचारावं लागे. माणसांच्या इतक्या मिनतवाऱ्या मी धंद्यात कधी केल्या नाहीत.

तात्यांचा बाकड्यावरचा उद्योग म्हणजे पारख करणं. कुणी काहीही जुनं विकत घ्यायला निघालं, बैल, सायकल, पाण्याचं इंजिन, ग्रामोफोन, की आधी आमच्या दुकानात येऊन तात्यांना विचारायचं, असा भोर-वेल्ह्यात रिवाजच पडला होता. एका चहावर हे काम चाले. तात्या वस्तूकडे आधी बघतच नसत, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "कितीला देतुयास ते मागनं सांग. का देतुयास ते सांग आदी." त्यावर समोरचा जरा जरी चाचरला तरी तात्या चहा संपवून खिडकीबाहेर बघायला लागत. सौदा तिथंच मोडायचा.

मी दुसरं मशीन जुनंच घेणार होतो, तेव्हा त्यांना बघायला नेलं. त्यांनी डोळे मिटून चाक फिरवलं, तेलाचा वास घेतला, झुलीचं चौपदरी कापड टाकून मला शिवायला लावलं आणि म्हणाले, "मशीन एक नंबर हाय. पर तुला नगं." मी म्हटलं, का हो? "तुझा पाय दनक्याचा. ह्ये हलक्या पायाच्या माणसाचं हाय. वस्तू बगायची तशी घेनारा बी बगायचा आसतुया." मी दुसरं दणकट मशीन घेतलं. ते पुढं वीस वर्षं माझ्या पायाखाली मुकाट चाललं.

वेल्हे भागात पासलीला त्यांच्या पुतणीसाठी मुलगा बघायला गेलो होतो, तो प्रसंग तर मी अजून लग्नाकार्यात सांगतो. मुलगा खाली मान घालून बसलेला, वडील त्याच्या गुणांचा पाढा वाचताहेत, आणि तात्या एकदम म्हणाले, "पोरा, त्या खाचरातनं जरा चालून दाव." भाताची लावणी झालेली, गुडघाभर चिखल. मुलाच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी लाजेनं पोह्याच्या बशीत बघत बसलो. मुलगा मात्र उठला, धोतर खोचलं, रोपं चुकवत पलीकडे गेला, परत आला आणि रांजणातलं पाणी घेऊन आपले पाय आपण धुतले. तात्या म्हणाले, "ठरलं. बांद मोडला न्हाई आनि पाय धुवायला आयला हाक मारली न्हाई." पुतणी सुखात नांदली. नवऱ्याला राग आला की तो आजही आधी पाय धुतो, असं ती हसत सांगायची.

पण तात्यांचं खरं वेड वेगाचं. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत ते जत्रेतल्या शर्यतीत स्वतः छकडा हाकत. छकडा म्हणजे दोन चाकं आणि मध्ये पाय ठेवण्यापुरती फळी. त्यावर उभं राहून, कासरा धरून, तोंडानं एक चमत्कारिक हाळी देत ते माळावरून सुटायचे तेव्हा बाया पोरांना पोटाशी धरायच्या. एका वर्षी चाक दगडावर चढलं, तात्या उडाले आणि गुडघा गेला. तेव्हापासून छकडा त्यांचा भाचा किसन हाकायचा आणि तात्या शेवटच्या निशाणाजवळ उभे राहायचे. पाखऱ्या जिंकायचा. लोक तात्यांवर गुलाल उधळायचे. तात्या हसायचे, पण शर्यत चालू असताना मी त्यांच्याकडे बघितलंय. हातात काही नसताना त्यांची बोटं कासरा धरल्यासारखी हलायची. मला ते बघवत नसे.

अशात एक दिवस बाळासाहेब दुकानात आले. हे भोरातल्या एका बड्या घराण्यातले तरुण गृहस्थ, पुण्याला शिकलेले, बैलांचे नादी. दोन वर्षं पाखऱ्यावर डोळा ठेवून होते.

"तात्या, पाखऱ्या द्या. म्हणाल ते देतो."

"इकायचा न्हाई."

"मग बदली करा. माझी गाडी घ्या."

दुकानातली माणसं हसली. ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती. बाळासाहेबांचे काका मुंबईकडे मोटारींच्या शर्यतीत भाग घेत, त्यांची ती विलायती, दोन माणसांची, डावीकडे स्टिअरिंग असलेली, वर टप नसलेली, गर्द हिरव्या रंगाची गाडी. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. काका वारल्यावर ती भोरला आली आणि बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली बसली. सगळे हसले, पण तात्या हसले नाहीत. मी मशीन थांबवलं.

"का देताय, बाळासाहेब?" तात्यांनी विचारलं.

"खरं सांगू? मला ती भरधाव पळवायची भीती वाटते. मी तिला नुसतं पुसतो. असंच पुसत राहिलो तर ती एक दिवस आतून गंजून जाईल."

"खरं बोललासा," तात्या म्हणाले. "उद्या माळावर आना. बगू."

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या माळावर निम्मं भोर लोटलं. खिल्लार बैल बघायची जी रीत, तीच तात्यांनी गाडीला लावली, एक पायरी सुद्धा न गाळता. आधी लांबून सगळीकडून फेरी मारली. मग टायर खुरासारखे दाबून बघितले. "म्होरचं डावं जास्त झिजलंय, म्हंजी थांबताना डावीकडं वढत आसंल." बाळासाहेबांनी मान डोलावली. मग आडवे पडून पोटाखाली बघितलं. "हितं गंज हाय. वरचा रंग नवा लावलाय, खालचा न्हाई. म्हंजी दडवलं न्हाई, ह्ये बरं." मग इंजिन सुरू करायला लावून मागं धुराच्या नळीपाशी हात धरला, श्वास बघावा तसा. शेवटी चालू गाडीच्या तोंडासमोर जाऊन त्यांनी फाडकन छत्री उघडली. माळावर हशा पिकला. तात्याही हसले, पण गंभीरपणे म्हणाले, "बुजत न्हाई."

मग मुख्य परीक्षा. बैल घेणारा माणूस बैल कधी स्वतः पळवून बघत नाही. मालकानं पळवायचा आणि घेणाऱ्यानं निशाणापाशी उभं राहून तो अंगावर येताना बघायचा. समोरून बघितलं की पाय कसे पडतात, मान कुठं जाते, दम कुठं तुटतो, सगळं दिसतं. तात्या निशाणापाशी उभे राहिले. बाळासाहेबांनी जीव मुठीत धरून गाडी सोडली. ती माळ कापत आली तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. तात्या जागचे हलले नाहीत. गाडी बाजूनं निघून गेली, धूळ बसली, आणि मी त्यांचं तोंड बघितलं. वीस वर्षांचं वाटत होतं.

पुढचे दोन दिवस माझ्या बाकड्यावर नुसता काथ्याकूट. तात्या स्वतःशीच वाद घालायचे आणि मी हुंकार भरायचा. घेतली तर पळवायची की दारात ठेवायची? "पळवली तर झिजनार, सुटं भाग विलायतंस्नं येनार. दारात ठिवली तर तिचं आनि माजं सारखंच." पेट्रोल लांबून आणायचं, वेल्ह्याच्या वाटेवर तर पोट घासून मरेल. पुढं कधी विकायची म्हटलं तर आपल्या भागात घेणार कोण? बाळासाहेब म्हणाले, "तात्या, अशा गाडीचा भाव आधी उतरतो, पण ती पुरेशी जुनी झाली की परत चढतो." यावर तात्या इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशीचा चहा स्वतः पाजला. "म्हातारं झाल्यावर भाव चढनारं जनावर म्या पैल्यांदाच बगतुया. आमचा तर उतरतच चाललाय."

अडचण एकच होती, ती म्हणजे पाखऱ्या. तो तात्यांचा म्हणायचा एवढंच. जन्मल्यावर चारच दिवसांत त्याची आई मेली होती आणि तात्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. काकू बाजाराला आल्या तेव्हा तात्यांनी माझ्या दुकानातच विषय काढला, बहुधा साक्षीला कुणीतरी असावं म्हणून. काकू बराच वेळ पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिल्या.

"ती गाडी तुमी सोता हाकनार?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"किसन न्हाई?"

"किसन न्हाई. म्या."

"मंग घ्या," काकू म्हणाल्या आणि भाजी घ्यायला निघून गेल्या. त्यांनी काय दिलं ते मला कळलं, आणि तात्यांनाही कळलं असणार, कारण समोर आलेला चहा त्यांनी तसाच निवू दिला.

बदली ठरली आठ दिवसांच्या बोलीवर. ही आमच्याकडची जनावरांच्या बाजारातली रीत. आठ दिवसांत जनावरात काही खोड निघाली तर परत, नाही निघाली तर सौदा पक्का. पाखऱ्या बाळासाहेबांच्या गोठ्यात गेला आणि बाळासाहेबांचा ड्रायव्हर गाडी किकवीला ठेवून आला. मी तिसऱ्या दिवशी गेलो, कारण तात्यांनी गाडीसाठी झूल शिवायला सांगितली होती. गोंडे लावायचे का, असं मी चेष्टेनं विचारलं तर म्हणाले, "चार पुरेत."

जाऊन बघतो तर गोठ्यासमोर हिरवी गाडी, तिच्या नाकाडावर हळदीकुंकू, आणि तात्या ओट्यावर एकटेच. काकू आत भाकऱ्या थापत होत्या, नेहमीपेक्षा जोरात.

"बसून दाखवा की," मी म्हटलं.

तात्या उठले. उजवा पाय आत घातला, बुड टेकवलं, आणि डावा पाय दाराबाहेर तसाच ताठ राहिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना. कसाबसा तिरका करून आत कोंबला तर क्लच दाबायला पाय मागेपुढे होईना. तरुणपणी त्यांनी एका ठेकेदाराचा ट्रक चालवला होता. क्लच काय असतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. पण तेव्हाचा गुडघा वेगळा होता. आणि माळावर त्यांनी गाडी नखशिखांत बघितली ती समोरून, निशाणापाशी उभं राहून. आत बसून बघायचं त्यांच्या मनातच आलं नाही, कारण बैलात कुणी बसून बघत नाही. मला ते पहिलं मशीन घेऊ न देणारा, घेणारा बघ म्हणून बजावणारा माणूस स्वतःच घेणारा झाला तेव्हा आपल्याकडे बघायलाच विसरला होता.

मला हसू आलं होतं, ते तात्यांच्या तोंडाकडे बघून घशातच राहिलं.

किसन तिथंच होता. तो म्हणाला, "मामा, त्यात काय. म्हना इंजिन खोकतंय. तुमी म्हनला की समदं गाव म्हनंल. गाडी परत, पाखऱ्या घरी."

ते खरं होतं. तात्यांनी खोड काढली असती तर बाळासाहेबांनीसुद्धा प्रश्न विचारला नसता. आतलं भाकरी थापणं थांबलं होतं. काकू ऐकत होत्या, त्यांना काय हवं होतं ते सांगायची गरज नव्हती. तात्यांनी हळूहळू पाय बाहेर काढला, गाडीवरची धूळ पटक्याच्या शेवानं पुसली आणि किसनला म्हणाले, "निर्दोस जनावराला खोड लावू? आरं, उद्या हिला कोन घेईल?"

आठव्या दिवशी माळावर पुन्हा गर्दी. एका बाजूला पाखऱ्याचा कासरा धरून बाळासाहेब, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरनं आणून उभी केलेली गाडी. सगळ्यांना वाटत होतं, तात्या आता तिच्यात बसून फेरी मारणार. तात्या पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडीत खोड न्हाई. खोड माज्यात हाय. म्या गाडी बगितली, गुडगा बगितला न्हाई. बोलीपरमानं आता परत मागायचा मला हक न्हाई. पाखऱ्या तुमचा."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळा माळ हसायला लागला. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर सौदे झाले आणि मोडले, तो पारखी फसला होता! लोकांना हसायचा हक्कच होता. तात्या ताठ पायावर उभे राहून ते ऐकून घेत होते. काकू पाखऱ्यापाशी गेल्या होत्या, त्याच्या मानेखाली हात घालून उभ्या होत्या, आणि त्यांनी मान वर केली नाही.

बाळासाहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "तात्या, गाडी बरोबर नाही एवढं म्हणाला असता तरी मी गाडी मुकाट्यानं नेली असती. कुणाला कळलं नसतं."

"हिला कळलं आसतं," गाडीकडे बोट करून तात्या म्हणाले.

बाळासाहेबांनी पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, एक मोठा सुस्कारा सोडला आणि कासरा काकूंच्या हातात दिला. "माझ्या गाडीला तुम्ही नावं ठेवली नाहीत. मला पुष्कळ झालं. पण येत्या जत्रेत एक वेळ पाखऱ्या माझ्या नावावर पळवा."

"एकदा काय, दोनदा पळवू!" तात्यांचा आवाज फाटला होता.

"आणि आता चला, शेजारी बसा. पाय कुठंही ठेवा, मी हाकतो. एक फेरी."

तात्यांनी मान हलवली. "हाकनाऱ्याच्या शेजारी ओझं म्हनून म्या कदी बसलो न्हाई. ऱ्हाऊ द्या."

तेव्हा काकूंनी कासरा किसनकडे दिला. पदर कमरेला खोचला. "म्या बसतीया," त्या म्हणाल्या. "आठ दिस दारात हुती. ना चारा, ना शेन. बगू तरी काय करती."

एरवी एसटीत पुढच्या दांडीला घट्ट धरून बसणारी ही बाई त्या हिरव्या गाडीत जाऊन बसली, तेव्हा हसणारा माळ चिडीचूप झाला. बाळासाहेबांनाही काय चेव आला कोण जाणे. गाडी सुटली, माळाच्या टोकाच्या वडाला वळसा घालताना धुळीत दिसेनाशी झाली, आणि मग तिकडून जी आली ती मी आयुष्यात पुन्हा तशी पाहिली नाही. तात्या निशाणापाशी उभे होते, हात लोंबते, आणि बोटं हलत नव्हती. गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. पुढं जाऊन थांबली.

काकू उतरल्या. अंबाडा सुटलेला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, कुंकू कपाळभर पसरलेलं. त्या सरळ तात्यांपुढं येऊन उभ्या राहिल्या. सगळा माळ कान देऊन उभा.

"कशी हाय?" तात्यांनी विचारलं.

काकूंनी दम घेतला. "लई पळतीया. जिमिनीवर हाय का न्हाई त्ये कळत न्हाई." मग सगळ्यांकडे वळून, ऐकणाऱ्यानं ऐकावं अशा आवाजात म्हणाल्या, "यांनी जनावर बराबर बगितलं हुतं."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मघाशी हसणाऱ्यांपैकी एक म्हातारा पुढं आला आणि त्यानं तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतरही तात्या पुष्कळ वर्षं माझ्या बाकड्यावर येऊन बसले, आणि लोक त्यांना जुन्या वस्तू दाखवत राहिले. पण त्यांची आठवण काढली की मला त्या दिवशीची संध्याकाळच दिसते. बैल काही एसटीत बसत नाही, म्हणून ती दोघं पाखऱ्याला घेऊन पायीच किकवीच्या वाटेला लागली होती. मध्ये बैल, एका बाजूला पाय ओढत तात्या, दुसऱ्या बाजूला काकू. मी बरंच अंतर त्यांच्या मागून गेलो. तात्यांचं विचारणं संपतच नव्हतं. सुटली तेव्हा पाठीला धक्का बसला का? कानात वारं कसलं वाजलं? "आनि वळनावर? वडापाशी मागनं सरकली का गं?"

काकू थांबल्या. कासरा त्यांनी तात्यांच्या हातात दिला आणि दोन्ही हात मोकळे करून, भर रस्त्यात, गाडी कशी वळली ते त्यांना दाखवायला लागल्या.